इस्तंबूलचा एक दिवस : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात इस्तंबूलच्या जुन्या भागातल्या मशिदी आणि स्मारकांवर छोटंसं टिपण दिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बऱ्याच जणांना एकच गोष्ट विचारायची होती, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं काहींनी कळवलं होतं, मग कुणाचीच छापली नाहीत.

प्रश्न : ताई, युरोपला जाताना आम्हाला इस्तंबूलला सकाळी सहा ते रात्री अकरा असा थांबा मिळालाय. नवरा-बायको दोघंच आहोत. हागिया सोफिया, ब्लू मॉस्क, तोपकापी पॅलेस, सुलेमानिये, कारिये आणि एयुप एवढी यादी केलीये. होईल ना?
— ट्रान्झिटवाली

नाही होणार, आणि ओढूनताणून करू पण नका असं मला मनापासून वाटतं. यादीतल्या सहापैकी तीन ठेवा, फार तर चार.

त्याआधी व्हिसाचं बघून घ्या. भारतीय पासपोर्टवर शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर तुर्कियेचा ई-व्हिसा ऑनलाइन निघतो. पण तुम्ही युरोपला *जाताना* थांबताय, म्हणजे तुमच्या शेंगेन व्हिसाची सुरुवातीची तारीख इस्तंबूलला उतरायच्या दिवशी लागू झालेली हवी. बरेच जण व्हिसा युरोपात पोचायच्या तारखेपासून मागतात आणि मग इथे अडकतात.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. या शहरात तुमचं घड्याळ नमाजाच्या वेळांना बांधायचं, बाकी सगळं त्यानंतर. या मशिदी चालू आहेत, तिथे रोज पाच वेळा माणसं प्रार्थनेला येतात आणि त्या वेळात पर्यटकांना बाहेर थांबावं लागतं. यात पर्यटकांच्या सोयीची एक गोष्ट आहे. तुर्कियेने 2016 पासून उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढेमागे करणं बंद केलंय, त्यामुळे दुपारची नमाज वर्षभर साधारण एकच्या आसपासच असते, फार तर पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. तिच्यानंतरची नमाज मात्र हिवाळ्यात साडेतीनच्या सुमाराला येते आणि उन्हाळ्यात पाचच्या पुढे जाते, म्हणून हिवाळ्यात दुपारी ढिलाई केली की ब्लू मॉस्क हातातून गेलीच समजा.

एअरपोर्टवरून एम-11 मेट्रो गायरेत्तेपेपर्यंत येते, तिथून आतल्या आत चालत एम-2 लाइन घ्यायची आणि वेझनेजिलेरला उतरायचं. बहुतेक लोक थेट सुलतानअहमतला, म्हणजे हागिया सोफिया-ब्लू मॉस्कच्या भागात जातात, तुम्ही तसं करू नका, कारण वेझनेजिलेरपासून सुलेमानिये चालत दहा मिनिटांवर आहे आणि सकाळच्या वेळी तिथे गर्दी नसते. ती निवांत बघा, मग बेयाझितवरून टी-1 ट्राम पकडून सुलतानअहमत, हागिया सोफिया बाराच्या आत उरकायची, दुपारच्या नमाजाच्या वेळात समोरचं हिप्पोड्रोमचं मैदान आणि जेवण, आणि पर्यटकांसाठी दार उघडलं की लगेच ब्लू मॉस्क. दाराबाहेर त्या दिवसाच्या वेळांचा बोर्ड असतो, सकाळी ट्राममधून उतरल्या उतरल्या त्याचा फोटो काढून ठेवा. तोपकापीला निदान तीन तास लागतात, तो सोडा. कारिये, म्हणजे जुन्या चर्चची झालेली मशीद, दुसऱ्या टोकाला आहे, तीही सोडा. आणि त्या दिवशी शुक्रवार असेल तर सकाळची आखणी बदलावी लागेल, त्यावर पुढे लिहिलंय.

प्रश्न : हागिया सोफियाचं तिकीट 25 युरो आहे आणि तेही फक्त वरच्या गॅलरीचं, खाली जाऊच देत नाहीत म्हणे. एवढे पैसे देऊन अर्धीच इमारत बघायची का? बाहेरूनच बघितली तर चालेल का?
— हिशोबी नवरा (बायकोच्या मते कंजूष)

पैसे द्या आणि आत जा. या एका बाबतीत माझं मत एकदम पक्कं आहे.

2020 मध्ये हागिया सोफिया पुन्हा मशीद झाली आणि 2024 च्या जानेवारीपासून खालचा मजला फक्त नमाजासाठी आणि वरची गॅलरी पर्यटकांसाठी अशी वाटणी झाली. खाली उभं राहून मान वर करून घुमट बघण्यात जी मजा होती ती आता आपल्याला नाही, ते खरंय. पण खालून न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी वरच आहेत, आणि घुमटाच्या कितीतरी जवळ जाता येतं. पूर्वी इथे चर्च असताना ही गॅलरी बायकांसाठी होती आणि पश्चिमेकडच्या भागात खुद्द सम्राज्ञी बसायची, तिच्या आसनाची जागा दाखवणारा हिरवा गोल दगड जमिनीत आहे.

थोडा इतिहास डोक्यात असला की बघताना फरक पडतो. 532 मध्ये शहरात मोठं बंड झालं, त्यात आधीचं चर्च जळलं, आणि पूर्व रोमन (बायझंटाइन) सम्राट जस्टिनियनने तिथेच नवं बांधायला घेऊन 537 मध्ये पूर्ण पण केलं. पाच वर्षांत! वास्तुकार दोघं, अँथेमियस आणि इसिडोर, दोघंही मुळात गणितातली माणसं. घुमट साधारण 31 मीटर रुंद, जमिनीपासून 55 मीटरच्या वर, आणि त्याच्या तळाशी चाळीस खिडक्या, त्यातून उजेड आला की घुमट कशावर टेकलाय तेच कळत नाही. पहिला घुमट जास्त चपटा होता, तो भूकंपांनी कमकुवत होऊन 558 मध्ये कोसळला, मग इसिडोरच्याच पुतण्याने तो उंच करून 562 पर्यंत पुन्हा उभा केला. 1453 मध्ये उस्मानी (ऑटोमन) सुलतान मेहमेद दुसरा याने शहर जिंकलं आणि चर्चची मशीद केली, आणि नंतर सोळाव्या शतकात उस्मानी वास्तुकार सिनानने बाहेरून आधाराच्या भिंती देऊन ती टिकवली. म्हणजे जिंकणाऱ्यांनीही ती पाडली नाही, सांभाळली, हे मला फार मोठं वाटतं.

गॅलरीत गेल्यावर दक्षिणेची बाजू शोधा आणि तिथे सावकाश फिरा. तिथे सम्राज्ञी झोईचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेलं चित्र आहे, मध्ये येशू, एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तिचा नवरा कॉन्स्टंटाइन नववा. नीट बघितलं तर नवऱ्याचा चेहरा आणि नावाची अक्षरं नंतर बदललेली कळतात, कारण हा तिचा तिसरा नवरा, आधीच्याला काढून याला बसवलाय. त्याच बाजूला डीसिस नावाचं मोझेक आहे, खालचा बराच भाग गेलाय पण येशू, मेरी आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचे चेहरे शाबूत आहेत. योहानाच्या चेहऱ्यावरचं दुःख बघून मी तिथून हललेच नाही बराच वेळ, धर्म कुठलाही असो, ते थेट पोचतं. आणि तिथेच संगमरवरी कठड्यावर खरवडलेली रून अक्षरं आहेत, सम्राटांच्या पदरी उत्तरेकडचे व्हायकिंग शिपाई असायचे, त्यातल्या कुणी हाल्फदानने हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपलं नाव कोरून ठेवलंय.

मशीद झाल्यावर ही चित्रं टिकली कशी असंही दोघातिघांनी विचारलंय. ती हळूहळू गिलाव्याखाली झाकली गेली आणि म्हणूनच वाचली. 1847 ते 49 च्या दुरुस्तीत फोस्साती या स्विस भावांना ती सापडली, नोंदी करून पुन्हा झाकली, आणि 1931 नंतर ती कायमची उघडी करण्याचं काम सुरू झालं. सध्या घुमटाच्या डागडुजीचं मोठं काम चालू असल्याने आत मचाण दिसेल, त्याने मन खट्टू करून घेऊ नका, गॅलरीतल्या मोझेकसाठी तरी जाच.

प्रश्न : सासूबाई 72 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. त्यांना काय काय जमेल?
— सून

हागिया सोफियाच्या गॅलरीत जायचा रस्ता म्हणजे दगडी उतार आहे, वळत वळत वर जातो, दगड ओबडधोबड आणि पायांनी घासून गुळगुळीत झालेले. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट आणि एका हाताला तुमचा हात, घाई अजिबात नाही. व्हीलचेअर तिथे उपयोगाची नाही. दुखणं फार असेल तर सासूबाईंना ब्लू मॉस्क आणि हिप्पोड्रोम दाखवा, दोन्ही सपाटीवर आहेत आणि अंतर पाच मिनिटांचं. सुलेमानियेच्या अंगणात बसायला छान जागा आहे पण ती टेकडीवर आहे, तिथे टॅक्सीने थेट दारापर्यंत जा. बॅसिलिका सिस्टर्न या जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या टाकीत पन्नासेक पायऱ्या उतरून जायचं असतं आणि खाली ओल असते, तिथे त्यांना नेऊ नका.

मशिदीत बूट काढावे लागतात, वाकून बूट काढायला-घालायला त्यांना वेळ लागेल, म्हणून नाडीचे नकोत.

प्रश्न : आम्ही घरी रोज पूजा करणारी माणसं. मशिदीत गेल्यावर आपोआप हात जोडले जातात, ते चालतं का? डोक्यावरून ओढणी पुरते का? आणि काही चूक झाली तर कुणी ओरडेल का याची भीती वाटते.
— एक काकू

काकू, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कडेला शांत उभं राहून हात जोडले, डोळे मिटले तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मोठ्याने स्तोत्र म्हणणं, उदबत्ती-फुलं, जमिनीवर डोकं टेकवणं असलं काही मात्र नको, त्या जागेची प्रार्थना त्यांची आहे आणि आपण पाहुणे आहोत.

ओढणी पुरते, फक्त केस झाकले जायला हवेत आणि हात-पाय उघडे नकोत. पंजाबी ड्रेस किंवा पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि सैल पँट असेल तर काहीच प्रश्न येत नाही, साडीत पोट उघडं राहतं म्हणून वरून शाल घ्या. पुरुषांना हाफ पँट चालत नाही. आत गालिच्यावर कठडा घातलेला असतो, त्याच्या पलीकडचा भाग नमाज पढणाऱ्यांचा. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घ्यायचा. प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका, मला हे फार लागतं, आपल्या देव्हाऱ्यासमोर बसलेल्या आईचा कुणी परक्याने असा फोटो काढलेला आपल्याला चालेल का? ओरडत कुणी नाही, स्वयंसेवक हाताने खूण करून सांगतात.

प्रश्न : ब्लू मॉस्क की सुलेमानिये? एकच बघायला वेळ आहे.

सुलेमानिये.

ब्लू मॉस्क सुंदर आहेच, सहा मिनार, आणि गोष्ट पण चटका लावणारी. सुलतान अहमत पहिला याने 1609 मध्ये ती बांधायला घेतली तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता, आणि बांधून झाल्यावर वर्षभरातच, सत्ताविशीत, गेला, शेजारीच त्याची कबर आहे. पण आतल्या वीस हजारांवर इझनिक गावच्या टाइल्समधल्या सर्वात चांगल्या वरच्या सज्ज्यांत लांब राहतात, खांब हत्तीच्या पायासारखे जाडजूड असल्याने नजर अडते, आणि गर्दी तर विचारू नका.

सुलेमानिये सिनानने 1550 ते 1557 मध्ये बांधली आणि तिथे आत पाऊल टाकलं की सगळी जागा एका नजरेत मोकळी होते. चार मिनार आणि त्यांना मिळून दहा सज्जे, कारण सुलेमान इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा आणि घराण्यातला दहावा सुलतान. पूर्वी आत तेलाचे शेकडो दिवे जळायचे, तर हवेचा झोत अशा रीतीने खेळवला होता की काजळी दारावरच्या एका खोलीत गोळा व्हायची आणि तिची शाई करायचे असं सांगतात. मागच्या बाजूला सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या वेगवेगळ्या कबरी आहेत. हुर्रेम आधी, 1558 मध्ये गेली, आणि सुलेमान 1566 मध्ये हंगेरीत मोहिमेवर असताना. एवढं सगळं उभं करणाऱ्या सिनानची स्वतःची कबर आवाराबाहेर कोपऱ्यावर अगदी छोटीशी आहे, लोक समोरून निघून जातात, तुम्ही थांबा. अंगणाच्या मागच्या कठड्यावरून खाली गोल्डन हॉर्नची खाडी आणि पलीकडे बॉस्फरसची सामुद्रधुनी दिसते.

प्रश्न : मला मशिदी-चर्चमध्ये रस नाही, पण बायकोला आहे. इतिहास आवडतो. मी त्या दिवशी काय करू?

तुमची तर चंगळ आहे. ब्लू मॉस्कसमोरचं हिप्पोड्रोम म्हणजे रथांच्या शर्यतींचं मैदान, आता नुसती मोकळी जागा वाटते पण मधोमध जे उभं आहे ते बघा. इजिप्तचा फॅरो थुतमोस तिसरा याचा ओबेलिस्क म्हणजे उंच टोकदार दगडी खांब, मुळात कर्नाकच्या मंदिरातला, ग्रॅनाइटचा, इथे 390 मध्ये सम्राट थिओडोसियसने उभा केला आणि खालच्या चौथऱ्यावर शर्यत बघत बसलेला तो स्वतः कोरलेला आहे. त्याच्याजवळ एका खड्ड्यात पीळ घातलेला काळपट-हिरवा खांब दिसेल, लोक ढुंकून बघत नाहीत, पण ग्रीकांनी इसवीसनपूर्व 479 मध्ये इराण्यांना प्लॅटीयाला हरवलं त्या विजयाचा तो कांस्य खांब, ग्रीसमधल्या डेल्फीहून आणलेला. वर सापांची तीन डोकी होती, ती आता नाहीत, एका डोक्याचा तुकडा पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मग बॅसिलिका सिस्टर्नमध्ये उतरा. जस्टिनियनच्याच काळातली जमिनीखालची पाण्याची टाकी, 336 खांब, प्रत्येक नऊ मीटर उंच, बरेचसे जुन्या इमारतींतून उचलून आणलेले, आणि शेवटी दोन खांबांखाली मेडुसा या ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीची डोकी, एक आडवं आणि एक उलटं. नंतरच्या काळात ही टाकी विसरलीच गेली होती. 1540 च्या दशकात एका फ्रेंच अभ्यासकाला कळलं की इथले लोक घराच्या तळाशी भोक पाडून बादलीने पाणी काढतात आणि त्यात मासेसुद्धा मिळतात, तेव्हा खाली काय आहे ते उघड झालं. इथे नमाजाच्या वेळेचा प्रश्न नाही, म्हणून दुपारी मशिदी बंद असताना जायला उत्तम, बायकोला पण घेऊन जा.

प्रश्न : तोपकापीत पैगंबरांच्या वस्तू आहेत म्हणतात. बघता येतात का?

येतात. सुलतान सेलीम पहिला याने 1517 मध्ये इजिप्त जिंकल्यावर पवित्र वस्तू इस्तंबूलला येऊ लागल्या. पैगंबरांचा झगा सोन्याच्या पेटीत असतो, दाढीचे केस, पावलाचा ठसा, तलवारी दालनांत मांडलेल्या आहेत, आणि तिथे कुराणाचं पठण सतत चालू असतं. इतर दालनांत दागिने बघायला झुंबड असते, इथे लोक रडताना दिसतात. मंगळवारी पॅलेस बंद, लक्षात ठेवा.

प्रश्न : पर्यटकांची गर्दी सोडून, जिथे तिथली साधी माणसं श्रद्धेने जातात असं एखादं ठिकाण सांगा ना.
— दर्गा-देऊळ दोन्हीकडे जाणारा

एयुप सुलतान. पैगंबरांचे सहकारी अबू अय्युब अल-अन्सारी सातव्या शतकात या शहराच्या वेढ्यात वारले, त्यांची कबर इथे आहे, आणि 1453 नंतर सुलतान गादीवर आला की कमरेला तलवार बांधायचा समारंभ इथेच व्हायचा. एमिनोन्यूवरून टी-5 ट्राम किंवा गोल्डन हॉर्नमधून जाणारी बोट घ्या, बोटच घ्या, रस्ता जास्त छान आहे. सुंता व्हायच्या आधी छोट्या मुलांना पांढरा झगा, टोपी, हातात राजदंड असं राजपुत्रासारखं नटवून इथे आणतात, आज्या जाळीशी उभ्या राहून ओंजळ वर करून काहीतरी मागत असतात, नवी जोडपी येतात. तिथे इतिहासाचा एक शब्द माहीत नसला तरी सगळं कळतं. गर्दीचा दिवस शुक्रवार. ट्रान्झिटवाल्या ताईंना मी यादीतून चौथं ठिकाण निवडायला सांगितलं तर हेच सांगेन, पण संध्याकाळी सातच्या आत परत मेट्रोत बसायचं.

प्रश्न : शाकाहारी आहोत, उपाशी राहावं लागेल का?

नाही. सकाळी तीळ लावलेला सिमित नावाचा गोल पाव आणि चीज, दुपारी मेर्जिमेक म्हणजे मसूर डाळीचं सूप आणि पालक किंवा चीज भरलेली पातळ पोळी, गोझलेमे. सुलेमानियेसमोर पांढऱ्या राजम्यासारख्या बीन्स आणि भात विकणारी जुनी दुकानं ओळीने आहेत, पण त्या बीन्समध्ये कधी मांस असतं आणि सुपाला कधी मांसाचं पाणी, म्हणून मागवायच्या आधी 'एत्सिझ मी?' म्हणजे बिनमांसाचं आहे का, एवढं विचारा.

प्रश्न : शुक्रवारीच जायची वेळ आलीये. आणि तिथे फसवणूक होते का?

शुक्रवारी दुपारची नमाज मोठी असते, ब्लू मॉस्क पर्यटकांना अडीचच्या सुमाराला उघडते, हागिया सोफिया पण मधले दोन-अडीच तास बंद. म्हणजे सकाळी लवकर हागिया सोफिया, मग सिस्टर्न आणि हिप्पोड्रोम, तीननंतर ब्लू मॉस्क, आणि सुलेमानिये सगळ्यात शेवटी. कारिये पण शुक्रवारी पर्यटकांना बंद असतं.

फसवणुकीचं म्हणाल तर शहर एकंदरीत सुरक्षित आहे, पण मशिदीच्या दाराशी गोड बोलणारा कुणी 'आत्ता बंद आहे, तोवर चला चहा पिऊ' म्हणाला तर तो चहा गालिच्याच्या दुकानात असतो आणि तासभर तिथून सुटका होत नाही. ब्लू मॉस्कला तिकीट नाही, त्यामुळे तिथे कुणी रांग टाळून देतो म्हणून पैसे मागितले तर सरळ नको म्हणा. आणि चालता चालता बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्या पुढ्यात पडला तर उचलून देऊ नका, तो आभार मानायला म्हणून तुमचे बूट पुसतो आणि मग भरपूर लिरा मागतो. दार खरंच बंद आहे का ते बोर्डावर स्वतः बघायचं, कुणाला विचारायचंच असेल तर आतल्या गणवेशातल्या माणसाला.